साठ हजार साठवलेत आणि क्लबमध्ये वाजवायचंय, तर आधी काय घेऊ?

पत्र:

ताई नमस्कार, मी मूळची कराडची, आता हिंजवडीत नोकरी करते, वय २४. हाऊस आणि टेक्नोचं प्रचंड वेड आहे, कोरेगाव पार्क-मुंढव्याला गिग असली की जाते आणि डीजेच्या बूथच्या बाजूलाच उभी राहते. आता मला स्वतःला वाजवायचंय, तेही घरी हौस म्हणून नाही, क्लबमध्ये. साठ हजार जमवलेत. दुकानदार म्हणतो की क्लब डोक्यात असेल तर एक्सडीजे-आरएक्स३ हे मोठं मशीनच घ्या, उरलेल्या पैशांचा ईएमआय करून देतो, लॅपटॉपला जोडायचा छोटा कंट्रोलर म्हणजे खेळणं आहे. माझ्या मावसभावाचा वरातीचा डीजे आहे, तो म्हणतो माझा जुना मिक्सर, दोन टॉप, दोन बेस असे स्पीकर चाळीस हजारात घे, घरातल्या घरात. यूट्यूबवर तर दर व्हिडिओत नवीनच काहीतरी. लॅपटॉप माझा स्वतःचा आहे, विंडोज, ८ जीबी रॅम. फ्लॅटवर आम्ही तिघी राहतो त्यामुळे मोठ्याने वाजवता येत नाही. काय घेऊ? आणि दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं सिंकचं बटण वापरलं तर लोक हसतात का?
आर., हिंजवडी

उत्तर:

आर., ईएमआयच्या कागदावर अजून सही केली नसशील तर करू नकोस, बाकी सगळं आपण नंतर बोलू, पण हे आधी. दोन लाखांच्या वरचं मशीन कर्जावर घेऊन शिकायला बसलं की पहिल्या महिन्यापासून डोक्यात हप्ता असतो आणि मग माणूस मिळेल तिथे, मिळेल ते वाजवायला लागतो, आणि ज्या संगीताच्या वेडापायी हे सगळं सुरू केलं तेच बाजूला पडतं. तुला असं अडकवायचं नाहीये मला.

आता मुद्द्याचं. क्लबमध्ये वाजवणारा माणूस घरून मशीन घेऊन जात नाही. तू बूथच्या बाजूला उभी राहतेस ना, मग पुढच्या वेळी नीट बघ, येणाऱ्या डीजेच्या हातात काय असतं? एक हेडफोन आणि खिशात दोन पेनड्राइव्ह. बूथमध्ये दोन किंवा चार प्लेअर आणि मधे मिक्सर आधीच बसवलेला असतो, बहुतेक ठिकाणी पायोनियर कंपनीचे सीडीजे हे प्लेअर आणि त्यांचाच डीजेएम मिक्सर, कुठे सीडीजे-२०००नेक्सस२, कुठे नवीन सीडीजे-३०००. त्यातला एकेक प्लेअर दोन लाखांच्या पुढे जातो, ते क्लबने घ्यायचं असतं, आपण नाही. म्हणून "क्लबमध्ये काय असतं ते घरी घेऊ" हा विचारच सोडून दे, आणि "क्लबमधलं मशीन समोर आलं की माझा हात बरोबर पडला पाहिजे, माझी गाणी त्यावर उघडली पाहिजेत" एवढ्यासाठी काय लागतं ते बघ. ते साठ हजारात बसतं, उलट थोडे उरतातही.

पायोनियरचंच का, असं कुणीतरी तुला विचारेल म्हणून सांगते. कंपनीने पहिला सीडीजे, सीडीजे-५००, १९९४ मध्ये काढला, मग २००१ मध्ये सीडीजे-१००० आला, ज्याच्यावर रेकॉर्डसारखं हाताने गाणं पुढेमागे करता यायला लागलं, आणि २००९ मध्ये सीडीजे-२००० आला ज्याला यूएसबी लावून घरी तयार केलेली लायब्ररी थेट वाजवता यायला लागली. इतकी वर्षं खाली डावीकडे प्ले आणि क्यू (खूण केलेल्या जागी परत नेणारं बटण), उजवीकडे टेम्पोचा म्हणजे वेगाचा स्लायडर, मधे हाताने फिरवायची चकती म्हणजे जॉगव्हील ही मांडणी फारशी बदललीच नाही, त्यामुळे जगभरच्या बूथमध्ये तीच दिसते आणि डीजेंचे हात त्यालाच सवयीचे झालेत. कंपनीचं नाव आता अल्फाथीटा आहे, नवीन काही मशीनवर तेच नाव छापून येतं, तेव्हा दुकानात दिसलं तर डुप्लिकेट समजू नकोस. मला कुठल्या कंपनीचं प्रेम नाही, पण क्लब हेच ध्येय असेल तर जी मांडणी तिथे आहे तीच घरी असावी, एवढं साधं गणित आहे.

म्हणून माझं उत्तर पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४. दोन चॅनेलचा कंट्रोलर, लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा, वीजही त्याच वायरीतून घेतो, तीस-पस्तीस हजारांच्या घरात मिळतो (भाव वरखाली होतो, दोन-तीन ठिकाणी विचार). प्रत्येक चॅनेलला (एका गाण्याचा एक चॅनेल) ट्रिम म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची नॉब, वरचा-मधला-खालचा आवाज कमीजास्त करायला हाय-मिड-लो असे तीन ईक्यू, एक फिल्टरची नॉब, आठ पॅड, हे सगळं मोठ्या मिक्सरच्याच क्रमाने आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो जोडला की रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमधला वाजवायचा भाग आपोआप खुला होतो, वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. हेच रेकॉर्डबॉक्स क्लबच्या प्लेअरसाठी पेनड्राइव्ह तयार करतं. म्हणजे घरी ज्या लायब्ररीवर सराव केलास तीच उचलून क्लबमध्ये न्यायची.

कमी काय आहे तेही सांगते. जॉगव्हील लहान आहेत, टेम्पो स्लायडर आखूड आहे, डेकवर स्क्रीन नाही त्यामुळे नजर लॅपटॉपवर जाते, आणि मागे आरसीएचं (लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीचं) एकच आउटपुट आहे. यातलं स्क्रीनचं मला खरंच खटकतं, कारण लॅपटॉपवर दोन्ही गाण्यांच्या लाटा एकाखाली एक दिसतात आणि मग माणूस कानाऐवजी डोळ्यांनी मिक्स करायला लागतो. त्यावर उपाय आहे, तो सिंकच्या वेळी सांगते.

पैसे वाचवायचे असतील तर याचाच आधीचा भाऊ, डीडीजे-४००, २०१८ चा, नवीन बनत नाही आता पण सेकंडहँड भरपूर फिरतात आणि निम्म्याच्या आसपास मिळू शकतो. मांडणी जवळजवळ तीच. घेताना मात्र समोर लॅपटॉप लावून तपास, टेम्पो स्लायडर हळूहळू सरकवला की स्क्रीनवरचा आकडा मधेच उडी मारतो का, दोन्ही फेडर (चॅनेलच्या आवाजाचे स्लायडर) पूर्ण खाली नेले की आवाज पूर्ण बंद होतो का, मागची यूएसबीची जागा हलते का, सगळे पॅड एकेकदा दाबले की लागतात का. विकणारा "घरी लॅपटॉप नाहीये, पण चालू आहे" म्हणाला तर तिथून निघ. हर्क्युलीसचे इनपल्स सिरीजचे कंट्रोलर अजून स्वस्त आहेत आणि शिकायला चांगलेच आहेत, पण तुझं ध्येय इतकं स्पष्ट असताना दहा हजार वाचवून वेगळ्या मांडणीची सवय का लावून घ्यायची? डीडीजे-रेव्ह१ पण कुणीतरी सुचवेल, त्यात टेम्पो स्लायडर वर आडवा आहे कारण ते स्क्रॅच करणाऱ्यांसाठी बनवलंय, हाऊस-टेक्नोवालीने घेऊ नये. चार चॅनेलचं तर आत्ता नावच काढू नकोस, दोन गाणी नीट जुळवता येणं हेच खूप मोठं काम आहे.

आरएक्स३ मशीन म्हणून उत्तम आहे, दुकानदाराने वाईट वस्तू सांगितलेली नाही. लॅपटॉपशिवाय पेनड्राइव्हवर चालतं, मोठी टचस्क्रीन आहे, छोट्या पार्ट्या घेणाऱ्याला ते पैसे मिळवूनही देऊ शकतं. पण तुला ते आत्ता नकोय. वर्षभराने गिग मिळायला लागल्या आणि गिगचेच पैसे साठले तर तेव्हा बघू.

मावसभावाचं बोलते, कारण हा विषय घरातला आहे आणि नाही म्हणताना नातं सांभाळावं लागतं. टॉप-बेस घेऊ नकोस. फ्लॅटवर ते ठेवायला जागा नाही, वाजवायला परवानगी नाही आणि क्लबमध्ये त्याचा उपयोग शून्य. पण त्याला "हे क्लबचं नाही, वरातीचं आहे" असं कधीही म्हणू नकोस, आणि मनातही आणू नकोस. जो मुलगा रस्त्यावर, जनरेटरवर, पावसात सिस्टीम उभी करतो त्याला आवाजाबद्दल जे कळतं ते क्लबमधल्या निम्म्या डीजेंना कळत नाही. त्याच्याबरोबर चार वेळा जा, त्याला विचार की गुणगुण कुठून येते, कुठली वायर कशाला लागते, अँप्लिफायरचा क्लिपचा (आवाज मर्यादेबाहेर गेल्याचा) लाल दिवा लागला की स्पीकरच्या आत काय होतं, आवाज कमी पडतो तेव्हा कुठलं बटण फिरवायचं आणि कुठलं अजिबात फिरवायचं नाही. हे ज्ञान तुला फुकटात मिळतंय. माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तो मावसभाऊच आहे.

हेडफोन. इथे कंजूषी करू नकोस. क्लबमध्ये समोर प्रचंड आवाज चालू असतो आणि त्यात तुला पुढचं गाणं एका कानात ऐकून जुळवायचं असतं, तेव्हा बाहेरचा आवाज अडवणारा, एक कान मागे सरकवता येणारा, वायरचा हेडफोन लागतो. वायरचाच. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो आणि तेवढ्या उशिराने बीट जुळवणं अशक्य होतं, कितीही महागाचा असला तरी. सेनहायझरचा एचडी २५ वर्षानुवर्षं डीजे लोक वापरतात, हलका आहे, कानावर घट्ट बसतो आणि वायर, कानाच्या गाद्या वगैरे सुटे पार्ट बदलता येतात, साधारण दहा हजारांच्या आसपास. एवढे नको असतील तर पायोनियरचे एचडीजे मालिकेतले सुरुवातीचे हेडफोन पाच-सात हजारात येतात, तेही चालतात. घालून बघ, केस बांधून आणि मोकळे सोडून दोन्ही प्रकारे, चष्मा असेल तर चष्म्यासकट, कारण तासाभराने कान दुखायला लागला की लक्ष सगळं तिकडेच जातं. एफएलएक्स४ ला छोटी ३.५ एमएमची पिन लागते आणि क्लबच्या बऱ्याच मिक्सरला मोठी ६.३५ ची, तेव्हा अॅडॉप्टर कायम हेडफोनलाच लावलेला असू दे, एक जास्तीचा बॅगेत. हेडफोनमुळे तुझ्या मैत्रिणींचाही प्रश्न सुटला, क्यू (पुढचं गाणं) आणि मास्टर (बाहेर चालू असलेलं) दोन्ही हेडफोनमध्येच ऐकून सराव होतो. स्पीकर लगेच घेऊच नकोस. पुढे कधी घेतलेस तर छोटे टेबलावरचे मॉनिटर पुरतील, पण स्पीकरवरून एका कानाने आणि हेडफोनवरून दुसऱ्या कानाने ऐकायची सवय लागायला हवी, ती स्टुडिओत लागेल, येतेच त्यावर.

लॅपटॉप ८ जीबीचा चालेल. आत एसएसडी (वेगवान डिस्क) आहे ना एवढं बघ, नसेल तर ती आधी बसव. वाजवताना वायफाय बंद, अँटीव्हायरसचं स्कॅन बंद, विंडोजचं अपडेट पुढे ढकललेलं. गाण्यातून आवाज आणि वाद्यं वेगळी करायचं जे फीचर आहे त्यात तुझा लॅपटॉप धापा टाकेल, पण ते तुला पहिले सहा महिने लागणार नाही.

आता रेकॉर्डबॉक्स आणि पेनड्राइव्ह. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण दुकानात याबद्दल कुणीच सांगत नाही आणि बूथमध्ये सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. गाणं आत घेतलं की सॉफ्टवेअर त्याचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके), 'की' म्हणजे स्वरपट्टी आणि बीटची जाळी (कुठला ठोका कुठे पडतो त्याच्या खुणा) काढतं. हाऊस-टेक्नोमध्ये ते बहुतेक वेळा बरोबर येतं कारण तिथे टेम्पो एकसारखा असतो, पण जुनं हिंदी गाणं टाकून बघ, वादक प्रत्यक्ष बसून वाजवायचे त्यामुळे टेम्पो किंचित हलत राहतो आणि जाळी सरकत जाते, ती हाताने दुरुस्त करावी लागते. प्रत्येक गाणं पूर्ण ऐक. पूर्ण म्हणजे शेवटच्या सेकंदापर्यंत. चार बीटचा एक बार, आठ बारचा म्हणजे ३२ बीटचा एक टप्पा, बहुतेक डान्स म्युझिक याच मापाने बांधलेलं असतं, कुठे किक (ड्रमचा खालचा ठोका) येते, कुठे बेसलाइन, कुठे सगळं थांबतं, तिथे तिथे क्यू म्हणजे खूण लाव. मेमरी क्यू पण लाव, नुसते हॉट क्यू (बटण दाबताच तिथे उडी मारणारे) नको, कारण जुन्या प्लेअरवर हॉट क्यू सगळे दिसतीलच असं नाही. मग प्लेलिस्ट. "टेक्नो" नावाची चारशे गाण्यांची एकच प्लेलिस्ट बूथमध्ये काही कामाची नाही, तिथे अंधार असतो, वेळ दोन मिनिटांचा असतो आणि हात थरथरत असतात. स्वतःला कळेल अशी नावं दे, "रिकामा फ्लोअर", "लोक आत येतायत", "आता सोडायचं नाही", "उतरताना", अशी. माझ्याकडे अशाच आहेत.

पेनड्राइव्ह चांगल्या कंपनीचे, ३२ जीबीचे दोन, फॉरमॅट फॅट३२. एनटीएफएस सीडीजेवर उघडतच नाही, आणि एक्सफॅट सीडीजे-२०००नेक्सस२ वर चालत नाही, विंडोज मोठ्या पेनड्राइव्हला सरळ मार्गाने फॅट३२ करू देत नाही म्हणून ३२ जीबी म्हणतेय, डोक्याला ताप नाही. गाणी रेकॉर्डबॉक्समधून एक्स्पोर्ट करायची, फोल्डर नुसतं कॉपी-पेस्ट करायचं नाही, नाहीतर क्यू, जाळी, प्लेलिस्ट काहीच जात नाही. दोन्ही ड्राइव्हवर तंतोतंत तेच असू दे आणि काढताना सेफली इजेक्ट, दर वेळी, घाईतसुद्धा. क्लबमध्ये प्लेअर एकमेकांना लॅनच्या वायरीने जोडलेले असले की एकाच पेनड्राइव्हवरून दोन्हीकडे गाणी लोड होतात, म्हणून तो चालू असताना चुकूनही उपटायचा नाही, दुसऱ्या डीजेचा तर नाहीच नाही.

गाणी विकत घे. बँडकॅम्प, बीटपोर्ट, दोन्हीकडे सुट्टं गाणं घेता येतं, ३२० केबीपीएसची एमपीथ्री पुरेशी आहे, जमलं तर एआयएफएफ (आवाज न दाबलेली फाइल). यूट्यूबवरून ओढलेलं गाणं फोनवर ठीक वाटतं पण क्लबच्या सिस्टीमवर वरचा आवाज चरचरतो आणि बेस पोकळ लागतो, आधीच्या डीजेच्या नीट गाण्यानंतर ते आलं की बूथमधल्या सगळ्यांना लगेच कळतं. कन्व्हर्टरमधून ३२० करून घेतलं तरी गेलेला आवाज परत येत नाही. स्ट्रीमिंगवर सराव कर हवा तर, पण ती गाणी पेनड्राइव्हवर उतरत नाहीत. महिन्याला हजार रुपये संगीतासाठी बाजूला काढ, आठ-दहा गाणी येतील, आणि पैसे देऊन घेतलं की निवड आपोआप कडक होते. आणि पत्रात लिहिलं नाहीस पण विचारणार असशील म्हणून सांगते, मराठी काही आवडलं तर बिनधास्त ठेव सेटमध्ये, क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं मराठी हाऊस २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या डच लेबलवरून बाहेर गेलंय, तेव्हा "क्लबमध्ये मराठी चालत नाही" हे कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नकोस.

सिंक. लोक हसतात का, तर काही हसतात, त्यांना हसू दे. पण तू कानाने जुळवायला शीक, त्यांच्या हसण्यामुळे नाही तर कामासाठी. क्लबमध्ये एक प्लेअर वेगळ्या मॉडेलचा निघतो, लिंकची वायर सुटलेली असते, तुझ्या एखाद्या गाण्याची जाळी चुकलेली असते, तेव्हा सिंक तुला सोडवणार नाही. सराव असा कर. लॅपटॉपची स्क्रीन अर्धी कागदाने झाक, लाटा आणि बीपीएम दिसता कामा नयेत. एक गाणं १२४ बीपीएमचं, दुसरं १२६ चं घे. हेडफोनमध्ये दुसऱ्याची पहिली किक पकड, बरोबर बारच्या पहिल्या ठोक्यावर सोड, आणि ऐक, पुढे पळतंय की मागे राहतंय. कळत नसेल तर मुद्दाम जॉगच्या कडेला हात लावून पुढे ढकल, वाईट झालं तर मागे. वरच्या प्लेटला हात लावू नकोस, गाणं थांबेल. टेम्पोची रेंज ±६ वर ठेव म्हणजे स्लायडर बारीक फिरतो. पहिले काही आठवडे दोन घोडे एकाच वेळी धावल्यासारखा आवाज येत राहील आणि रडकुंडीला येशील, मग एके दिवशी कान उघडतो. तो उघडला की मग सिंक खुशाल वापर, हात मोकळे ठेवून ईक्यूवर जास्त काम करता येतं, मोठमोठे लोक वापरतात.

आणि उरलेल्या पैशातून, हे फार महत्त्वाचं आहे, सीडीजेवर तास विकत घे. पुण्यात, मुंबईत डीजे शिकवणाऱ्या ठिकाणी, काही रिहर्सल स्टुडिओत सीडीजे आणि डीजेएम तासाच्या भाड्याने मिळतात. घरी दोन-तीन महिने झाले, दोन गाणी न सांडता जुळायला लागली, की महिन्यातून दोनदा जा. पहिल्या तासात मिक्स करूच नकोस, नुसतं मशीन समजून घे. पेनड्राइव्ह लाव, प्लेलिस्ट शोध, लांब स्लायडरवर हात बसव, जॉग व्हिनाइल मोडवर (वरच्या प्लेटला हात लावला की गाणं थांबतं तो) आहे का बघायला शीक. मिक्सरवर चॅनेलच्या खाली क्रॉसफेडरला (एका गाण्यावरून दुसऱ्यावर जायचा आडवा स्लायडर) जोडायचा एक छोटा स्विच असतो, ए-थ्रू-बी असा. तो आधीच्या डीजेने ए वर ठेवला आणि क्रॉसफेडर बी कडे राहिला तर तुझं गाणं चालू असूनही बाहेर एक थेंब आवाज येणार नाही आणि तुला वाटेल मशीन बिघडलं. थ्रू वर ठेवायचा. डीजेएम-९००नेक्सस२ वर ईक्यूचा अजून एक स्विच आहे, आयसोलेटर असेल तर लो पूर्ण खाली नेलं की बेस खरोखर नाहीसा होतो, ईक्यूवर असेल तर थोडा उरतो, आणि दोन बेस एकमेकांवर चढले की मिक्स चिखल होतो. हे दोन्ही तुझ्या एफएलएक्स४ वर कळणार नाही म्हणून सांगितलं. ट्रिम मीटर बघून लाव, हिरवा आणि वर थोडा केशरी, लाल कधीच नाही. आवाज कमी वाटला तर साऊंडवाल्याला सांग, स्वतः लालमध्ये नेऊ नकोस. मावसभावाने हेच सांगितलेलं असेल तुला तोपर्यंत.

कानांसाठी म्युझिशियन्स इअरप्लग घे, दीड-दोन हजारांचे. फोमचे नकोत, त्यात वरचा आवाज फार दबतो. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेचं माप असं की ८५ डेसिबल आठ तास ठीक, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं फक्त, आणि क्लबमध्ये तेवढा आवाज सहज असतो. तू तर बूथच्या बाजूला, स्पीकरच्या तोंडाशी उभी राहतेस तासन् तास. कान गेले की परत येत नाहीत गं. हे बाकी काही घ्यायच्या आधी, याच आठवड्यात घे.

हिशोब सांगायचा तर कंट्रोलर तेहतीसच्या आसपास, हेडफोन सात, पेनड्राइव्ह-अॅडॉप्टर-वायरी दोन, इअरप्लग दोन, म्हणजे चव्वेचाळीस. सोळा हजार उरतात, त्यातले निम्मे संगीताला, निम्मे सीडीजेच्या तासांना. वायरींमध्ये आरसीएची एक लांब वायर आणि दुसऱ्या टोकाला मोठी जॅक लागेल अशी सोय घे, कारण सुरुवातीला ज्या छोट्या कॅफे-बारमध्ये संधी मिळते तिथे कधीकधी सीडीजे नसतातच, नुसता मिक्सर आणि स्पीकर असतो आणि तिथे तुझा एफएलएक्स४ थाटात चालतो. म्हणून कुठेही हो म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, "बूथमध्ये काय आहे, मॉडेल सांगा."

संधी कशी मिळते, तर पहिली नेहमी सुरुवातीची मिळते, नऊ-साडेनऊची, जेव्हा फ्लोअरवर वेटर आणि तुझे मित्र असतात. तिला कमी समजू नकोस. पुण्यात दीड वाजता सगळं बंद होतं त्यामुळे मुख्य डीजेला जेमतेम दीड-दोन तास असतात आणि त्याच्या आधी खोली तापवून देणारा माणूस क्लबला हवाच असतो. ११८-१२२ बीपीएमवर, मोकळं, बोलता येईल असं वाजवायचं, त्याची मोठी गाणी आधी वाजवून टाकायची नाहीत, आवाज थोडा खाली ठेवून द्यायचा म्हणजे पुढच्याला चढवायला जागा राहते. हे ज्याला जमतं त्याला परत बोलावतात, आणि मला विचारशील तर डीजेची खरी परीक्षा इथेच होते, गर्दीत हात वर करायला लावणं त्या मानाने सोपं आहे. तासाभराचा असाच एक शांत सुरुवातीचा सेट घरी रेकॉर्ड कर, मधे न थांबता, आणि जिथे तू गिगना जातेस तिथल्या रेसिडेंट (नेहमीच्या) डीजेला आठवड्यातल्या रिकाम्या वारी भेटून दे. तुझा चेहरा त्यांना ओळखीचा आहे, ते अर्धं काम झालंय. जो म्हणेल तिकिटं विकून दे मग स्लॉट देतो, त्याला नको म्हण.

रात्री परत येण्याचं आधीच ठरव. मानधन नसलं तरी जाण्यायेण्याची कॅब आयोजकाने द्यायची, हे मेसेजमध्ये लिहून घ्यायचं, लाजायचं नाही. पहिल्या काही वेळा मावसभावाला बरोबर ने, त्यालाही बूथ बघायला आवडेल.

आणि कंट्रोलर घ्यायला जाशील तेव्हा पुण्यात तपकीर गल्लीत जा नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडला, पण पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी असेल तरच घे. बाहेरून आणलेला माल दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतो पण बिघडला की कुणी हात लावत नाही. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि मशीनच्या खालचा नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघ, आणि लॅपटॉप बरोबर नेऊन तिथेच जोडून दहा मिनिटं वाजवून मगच पैसे दे.